कोकणातलं बंद घर रिकामं करताना: आधी काय, शेवटी काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई जाऊन दीड वर्ष झालं, वडील त्याआधीच गेले. गुहागरजवळच्या वाडीतलं घर बंद आहे. दोघे भाऊ मुंबईला, बहीण कोल्हापूरला. पुढच्या हंगामापासून घर पर्यटकांना राहायला द्यायचा विचार आहे, म्हणून ते रिकामं करायचंय. पण दोनदा गावी जाऊनही दोन पिशव्यांपलीकडे काही निघालं नाही. जी वस्तू हातात घ्यावी ती परत जागेवर जाते. सुरुवात कुठून करावी?

बहुतेक घरांत काम इथंच अडतं, आणि अडतं ते क्रम चुकल्यामुळे. कुलूप उघडलं की माणसं थेट आईच्या कपाटाकडे जातात, नाहीतर फोटोंची ट्रंक खाली काढतात. दुपार तिथंच संपते. क्रम असा लावा: आधी कागद, मग निव्वळ कचरा आणि घातक माल, मग दुसऱ्यांच्या वस्तू, त्यानंतर भांडी आणि लाकूडसामान, मग कपडे, आणि अगदी शेवटी फोटो, पत्रं, हस्ताक्षरातलं काहीही. टाकायचं की ठेवायचं हे ठरवायचा हातही बसावा लागतो. तो फुटक्या बादलीवर बसतो, आईच्या चष्म्यावर बसत नाही.

वेळ निवडताना गणपती आणि शिमगा टाळा. घरात माणसं भरपूर असतात म्हणून हेच दिवस सोयीचे वाटतात, पण पाहुणे, आरत्या आणि भाऊबंदांच्या सूचना यांत काम होत नाही. त्या दिवसांत फक्त बोलणी करून घ्या: कोणाला काय हवं, कोणाची हरकत कशाला. प्रत्यक्ष काम ऑक्टोबर संपल्यावर ते मार्चपर्यंत. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांवर जातो. तेव्हा उघडलेली पुस्तकं, गाद्या, रेशीम दोन दिवसांत बुरसतात, आणि बांधून नेलेला माल मुंबईच्या माळ्यावर पोचेपर्यंत कुबट झालेला असतो. एप्रिल-मे मध्ये ऊन मिळतं, पण वाशीकडे जाणारे टेंपो आंब्याच्या पेट्यांनी भरलेले असतात आणि भाडं चढतं. चार-पाच खोल्या, माळा आणि गोठा एवढ्या पसाऱ्याला तीन माणसांनी सलग पाच-सहा दिवस धरावेत. शनिवार-रविवारच्या फेऱ्यांनी हे काम वर्षानुवर्षं रेंगाळतं, कारण दर फेरीत निम्मा दिवस मागच्या वेळचं पुन्हा बघण्यात जातो.

काहीही हलवण्याआधी एक गोष्ट करा. मृत्युपत्रात वेगळं काही नसेल तर घरातल्या जंगम वस्तूंवर तिघांचाही सारखा हक्क आहे, आणि भांडण घरावरून होतं त्यापेक्षा जास्त वेळा हंड्यावरून होतं. म्हणून पहिल्या दिवशी काहीही न हलवता खोलीवार फोटो काढा, व्हॉट्सॅपवर तिघांचा वेगळा गट करून त्यात टाका, आणि ‘मला हवंय’ एवढंच प्रत्येकानं आठवड्याभरात लिहायचं ठरवा. एकाच वस्तूला दोघांची मागणी आली तर चिठ्ठ्या टाका. सोनं-चांदी आणि विकून पैसे येणारा माल यांची वेगळी यादी करून तिघांच्या सह्या घ्या. हे परकेपणाचं वाटतं, पण बहिणीला न विचारता पितळ मोडीत गेलं की पुढची वीस वर्षं राखीला तोच विषय निघतो.

आता कागद. कोकणातल्या घरात ते एका ठिकाणी कधीच नसतात. लोखंडी ट्रंक, देवघराचा खण, पोथीचं फडकं, कॅलेंडरच्या मागची खिळ्याला अडकवलेली पिशवी, फोटोच्या चौकटीची पाठ, तांदळाच्या डब्याखालचा कागद, सगळं बघावं लागतं. वाचत बसू नका. प्रत्येक कागद जमा करून एका खोक्यात टाका आणि रात्री एका माणसानं तो वेगळा करावा. जमिनीचे सगळे कागद जपायचे: खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्र, जुने सातबारा आणि आठ-अ, फेरफार, मोजणीचे नकाशे, घरपट्टी आणि शेतसाऱ्याच्या पावत्या, खंडाच्या पावत्या. कूळकायद्याची कागदपत्रं, विशेषतः कलम ३२-ग खालचे निकाल आणि ३२-म चं प्रमाणपत्र, दिसायला मामुली पिवळे कागद असतात. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांना जमिनी मिळाल्या त्याचा पुरावा तोच आहे, आणि तो रद्दीत गेल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. तीस वर्षांहून जुना दस्त, जिथं असायला हवा अशा ताब्यातून पुढे आला तर तो खरा असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणून जुन्या दस्तांचा गठ्ठा फोडू नका. ज्या ट्रंकेत सापडला तिचा फोटो काढा आणि गठ्ठा एकत्रच ठेवा. लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं शाई आणि शिक्के बिघडतात आणि कागद पुन्हा सोडवता येत नाही. साध्या कागदी पाकिटात ठेवा. स्टेपलच्या गंजलेल्या पिना सुरीच्या टोकानं सरळ करून काढा, ओढू नका.

मोडी लिपीतले कागद सापडले तर वाचता येत नाहीत म्हणून टाकू नयेत. त्यांत घराण्याची वाटणी असू शकते किंवा खोतीचे हिशेब असू शकतात. मोडी वाचणारे जाणकार मिळतात. ऐतिहासिक महत्त्वाचं काही निघालं तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि पोथ्यांसाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था (स्थापना १९१७) यांच्याकडे आधी फोटो पाठवून विचारावं. ७५ वर्षांहून जुनी, वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोल असलेली हस्तलिखितं आणि १०० वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. त्या परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाहीत. अमेरिकेतला पुतण्या आजोबांची सचित्र पोथी आठवण म्हणून बॅगेत घालून नेईल, त्याला आधीच सांगा.

पैशाचे कागद वेगळे: बँक आणि पोस्टाची पासबुकं, बचतपत्रं, विमा, शेअरची प्रमाणपत्रं. दहा वर्षं न हललेल्या ठेवी बँकेकडून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसाचा हक्क जात नाही. ‘उद्गम’ या पोर्टलवर नावानं शोध घेता येतो. सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर सरकारी निधीत वर्ग होतात, तेही अर्ज करून परत मिळतात. डब्याच्या तळाशी ५०० आणि १०००च्या जुन्या नोटा सापडणं हेही नेहमीचं आहे. त्या बदलून मिळत नाहीत, आणि २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं दंडनीय आहे. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या माणसापासून लांब राहा.

कचरा काढतानाचा एकच नियम: चाचपल्याशिवाय काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. जुन्या पिढीच्या बायका सोनं बँकेत ठेवत नसत. गादी आणि उशीची शिवण उसवून कापूस हातानं चाळा. कणगीच्या तळाशी, मिठाच्या आणि चिंचेच्या बरण्यांत, नऊवारीच्या घडीत, देवांच्या पाटाखाली, चुलीजवळच्या कोनाड्यात हात घाला. त्यानंतर फुटकं, गंजकं, वाळवी लागलेलं सरळ बाहेर. भुंगा लागलेली सुपं, रोवळ्या, डालगी अंगणात जाळून टाका; ती ‘शोभेला राहू दे’ म्हणून ठेवलीत तर भुंगा वाशांत जातो.

गोठ्यातल्या आणि पडवीतल्या फळीवर आंब्याच्या फवारणीच्या जुन्या बाटल्या असतात. २०११ पासून देशात बंदी असलेलं एन्डोसल्फानही अजून सापडतं. त्या पऱ्यात (ओढ्यात), विहिरीजवळ किंवा शेणखताच्या खड्ड्यात रिकाम्या करू नका, आणि बाटल्या धुऊन भंगारवाल्याला देऊ नका. झाकणं घट्ट करून, वाळूत उभ्या ठेवून, तालुका कृषी कार्यालयात विचारून त्यांची सोय लावावी. मुदत संपलेली औषधं मूळ पाकिटातून काढून माती किंवा राखेत कालवून बंद पिशवीत टाका. इन्व्हर्टरची बॅटरी विक्रेता मोडीत घेतो. गॅसची जोडणी एजन्सीकडे परत करा किंवा वारसाच्या नावे करून घ्या. भरलेला सिलिंडर बंद घरात ठेवू नये.

काही वस्तू घरात असतात पण घरच्या नसतात. भजनी मंडळाचे टाळ आणि पखवाज, वाडीच्या सामायिक पैशातून घेतलेले टोप आणि काहिली, शेजाऱ्याची शिडी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मानाच्या वस्तू. घराण्याकडे पालखीचा मान असेल तर देवाची रूपं (मुखवटे), दागिने, निशाण, अब्दागिरी यांतलं काही घरात असू शकतं. खाली सिंधुदुर्गात तरंगांच्या, म्हणजे देवाच्या काठ्यांना नेसवायच्या, साड्या असतात. हे गावाचं आणि देवस्थानाचं आहे, तुमच्या वाटणीत ते येत नाही. गावकार, मानकरी आणि देवस्थानचा एक पदाधिकारी यांच्यासमोर, वजन आणि नग लिहून, सह्या घेऊन सोपवा. नुसतं नेऊन दिलंत तर पुढे ‘एक रूपं कमी आहे’ ही चर्चा तुमच्या नावावर राहते.

बंदुकीचा विषय कोकणात हमखास निघतो. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक वडिलांच्या नावावर असेल, तर परवाना त्यांच्याबरोबर संपला. शस्त्र कायद्याप्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. वारसाला ती ठेवायची असेल तर स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करता येतो, पण तोवर ती घरात राहू शकत नाही. आधी ठाण्यात कळवून मग न्या. बंदुकीची दारू, छर्रे आणि काडतुसं भंगारात जाणार नाहीत याकडे स्वतः लक्ष द्या.

भिंतीवरची सांबरशिंगं, वाघनखाचं लॉकेट, बिबट्याचं कातडं, खवल्या मांजराचे खवले, हस्तिदंती फणी: १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे यांची विक्री गुन्हा आहे. मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर जवळ बाळगणंही अडचणीचं आहे. पणजोबांनी शिकार केली होती हा बचाव चालत नाही. पर्यटकांना घर देणार आहात, म्हणजे कोणीतरी फोटो काढून टाकणार हे धरून चाला. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी कळवून जमा करा आणि पोच घ्या. मोरानं स्वतः गाळलेली पिसं घरात असायला हरकत नाही.

आता भांडी. इथं पैसा आहे, माया आहे आणि फसवणूकही आहे, म्हणून पूर्ण एक दिवस द्या.

सगळी भांडी अंगणात मांडा आणि धातूप्रमाणे वेगळी करा. लोहचुंबक चिकटला तर लोखंडावर मुलामा आहे. तांबं लालसर, पितळ पिवळं. काळवंडलेलं असेल तर बुडाला एका कोपऱ्यात चिंच घासली की रंग कळतो. कासं ओळखायचं आवाजावरून: बोटानं टिचकी मारली की लांब घुमतं, पितळ लगेच थांबतं. काशात तांब्याबरोबर साधारण पाचवा हिस्सा कथील असतं, त्यामुळे ते महाग, आणि ठिसूळही. पडलं की तडकतं. काशाची ताटं-वाट्या पितळेच्या ढिगात गेल्या की तेवढा तोटा होतो, आणि ढीग लावायचं काम भंगारवाल्यावर सोपवलं की त्या तिथंच जातात.

प्रत्येक भांड्यावरचं नाव वाचा. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणाला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची पद्धत होती. झिजलेलं नाव दिसत नसेल तर खडूची पूड चोळून वरून कोरडं फडकं फिरवा, खाचांत पांढरं राहतं. मग तिरप्या उजेडात फोटो. माझं स्पष्ट मत आहे की तांब्या-पितळेच्या भांड्यात आठवणीचा जीव या ओळीत असतो. ती टिपून ठेवली की निम्मी भांडी सोडायला हात कचरत नाही. शिवाय वाटणीचा वादही इथं सुटतो. आत्यानं आईला दिलेलं तबक आत्याच्या मुलीकडे जाऊ द्या, मामाकडून आलेली समई बहिणीकडे. नाव असलेल्या भांड्याला धनी शोधणं सोपं असतं.

स्वतःला ठेवायचं ते वापरात येणार असेल तरच ठेवा, आणि वापरायचं असेल तर कल्हई हवी. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात आमसुलाची कढी, ताक, चिंचेची आमटी केली की तांबं पदार्थात उतरतं, चव बिघडते आणि पोटही. कल्हईवाला आता ठराविक बाजारांतच भेटतो. चिपळूण-रत्नागिरीच्या भांड्यांच्या दुकानांत चौकशी करा. भांडं आतून पांढरं चकचकीत, नवसागराचा डाग न राहिलेलं हवं. रोजच्या वापरात कल्हई वर्षभरसुद्धा टिकत नाही, हे धरून किती भांडी सांभाळणार ते ठरवा. मुंबईच्या स्वयंपाकघरात दोन-तीन पुरे.

विकायचं असेल तर दोन वेगळे बाजार आहेत आणि ते मिसळू नयेत. बंब, घंगाळ, मोठा हंडा, पितळी डबे, पानाचा डबा, समया, कंदील, चिनी मातीच्या बरण्या या वस्तू नगावर विकाव्यात. होमस्टेवाले, हॉटेलवाले आणि मुंबई-पुण्याचे सजावटवाले त्या नगाच्या भावानं घेतात. (तुमचंच घर पर्यटकांसाठी असेल तर यांतल्या पाच-सहा तिथंच राहू द्या, पण सगळा संच मांडून संग्रहालय करू नका. पुसणार कोण?) उरलेलं, चेपलेलं, भोक पडलेलं मोडीत, किलोवर. मोडीत घालण्याआधी घरच्या ताणकाट्यावर वजन करून धातूवार लिहून ठेवा, त्याच दिवशीचा मोडीचा भाव दोन दुकानांतून फोनवर विचारा, आणि वजन आपल्यासमोर रिकाम्या काट्यावर शून्य बघून करा. बंबातली लोखंडी जाळी आणि कड्या आधीच काढा. नाहीतर ‘लोखंडाचे दोन किलो वजा’ असा अंदाजपंचे आकडा तुमच्या तांब्यातून कापला जातो. दारात टेंपो घेऊन येणारा आणि सगळ्याचा मिळून एकच उक्ता भाव सांगणारा माणूस सगळ्यात तोट्याचा. विकायच्या जुन्या भांड्यांना आम्लानं घासून चकाकी आणू नका. जुनेपणाचे पैसे त्या काळपट रंगालाच मिळतात.

लाकूडसामानात आधी कीड तपासा. पलंगाखाली, कपाटाखाली काळा कागद पसरून दोन दिवसांनी बघा. मैद्यासारखी बारीक पूड पडली असेल तर भुंगा जिवंत आहे. नुसती भोकं आहेत आणि पूड नाही, तर जुनी लागण असू शकते. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. जिवंत लागण असलेली वस्तू औषध केल्याशिवाय मुंबईच्या घरात नेऊ नका. ती तिथल्या प्लायवूडला लागते. सागवान आणि शिसव सहसा वाचलेलं असतं, आंबा आणि सावर पोखरलेली असते. फणसाच्या लाकडाच्या पेट्या चांगल्या टिकतात. जुना पलंग खुंट्यांवर उभा असतो. सोडवण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडूनं एकच आकडा घाला. आणि नेण्याआधी मुंबईच्या लिफ्टचं दार मोजा. अडीच फुटांच्या दारातून शिसवी कपाट जात नाही, मग ते सोसायटीच्या आवारात पडून भिजतं.

जातं, पाटा-वरवंटा, रगडा, जमिनीत पुरलेलं व्हायन (दगडी उखळ) हलवू नका. जात्याच्या दोन तळ्यांचं वजन तीस-चाळीस किलो होतं. नेऊन ठेवायला जागा नसते आणि विकून हाती फारसं काही लागत नाही. न्हाणीजवळ, अंगणात, तुळशीपाशी ती शोभतात आणि पाऊस त्यांचं काही बिघडवत नाही. नांगर, जू, इरलं, घिरट (भात भरडायचं जातं) अशी शेतीची अवजारं शाबूत असतील तर शाळा किंवा संग्रहालयाला विचारता येतं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं स्वतःचं वस्तुसंग्रहालय आहे. आधी फोटो आणि मापं पाठवा. न विचारता टेंपो भरून नेऊन उभं राहणं कोणत्याच संस्थेला आवडत नाही. पुस्तकांचंही तेच. वाचनालयांना यादी हवी असते, आणि पाठ्यपुस्तकं, मासिकांचे सुटे अंक, कसर लागलेले खंड कोणी घेत नाही. कसर लागलेलं पण हवंच असं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर बाहेरचा दमटपणा कागदावर जमतो.

देवांचा निर्णय वस्तूंच्या यादीत घेऊ नका. आधी ठरवा की कुळाचार आणि गणपती पुढे कोणाकडे होणार. ज्याच्याकडे गणपती, त्याच्याकडे गणपतीचा पाट, माटवी (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट), समया आणि तबकं. टाक, शाळिग्राम, बाण, अन्नपूर्णा, बाळकृष्ण एकत्र एकाकडे जावेत. वाटून घेतले की कोणाकडेच पूजा धड होत नाही. कोणालाच जमत नसेल तर भाऊबंदांत विचारा, मग उपाध्यायांना. भंगलेल्या मूर्ती आणि जुने देवांचे फोटो वडाच्या पारावर किंवा देवळामागे ठेवून येणं ही मात्र वाईट सवय आहे. चौकट आणि काच वेगळी करा, कागद घमेल्यात पाण्यात भिजवून लगदा झाला की झाडाच्या मुळाशी घाला. देवांची धातूची भांडी मोडीत घालायला मन घेत नसेल तर देवळाला विचारून द्या.

कपड्यांशी आलात म्हणजे काम तीन चतुर्थांश झालं. अंगावरचे रोजचे कपडे धुऊन, बटणं तपासून, ज्यांना लागतात त्यांना नाव घेऊन द्या. ‘कोणालातरी’ म्हणून बांधलेलं गाठोडं पडवीतच राहतं. कपडे नदीत किंवा पऱ्यात सोडू नका, पहिल्याच पुरात ते साकवाला अडकतात. सुती नऊवारींची गोधडी शिवून घ्या. एकेरी गोधडीला तीन-चार लुगडी लागतात, वरच्या-खालच्या अंगाला धड असलेली, मध्ये विरलेली चालतात. सिंथेटिक साड्या घालू नका, टाके सरकतात आणि उकडतं. वाडीत शिवणाऱ्या बायका असतील तर मजुरी आधी ठरवा, आणि तिघा भावंडांच्या तीन एकदमच सांगा. एकाच गोधडीवर तिघांचा डोळा राहू नये.

शालू आणि पैठण्यांच्या जरीला पैसे देणारे दारावर येतात. जुनी खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा. ती जाळून चांदी काढतात. काठातला एक सुटा धागा नखानं खरवडा: आत तांबूस धातू दिसला तर जर हलकी आहे, रुपेरी दिसला तर चांदी असू शकते. मग ती सराफाकडूनच तपासा, दारावरच्या माणसाकडून नको. ठेवायची साडी सुती मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नाही, आणि वर्षातून दोनदा घडी बदला. एकाच घडीवर राहिली की रेशीम त्या रेघेवर चिरतं. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. वेखंडही चालतं.

वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा गावातल्या गरजू घराला लगेच द्या. या वस्तू आजारपणाची आठवण घेऊन बसतात, आणि त्या गेल्या की घर हलकं वाटतं, असं सगळेच सांगतात.

आता फोटो. काचेला चिकटलेला फोटो सोडवू नका, वरचा थर काचेवर राहतो. काचेसकट फोटो काढा: पडवीत सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद, प्रतिबिंब टाळायला काळं कापड धरून. सुटे फोटो स्कॅन करताना पोस्टकार्डाएवढ्याला ३०० डीपीआय पुरे, लहान चौकोनी कृष्णधवल फोटोंना ६०० ठेवा. बुरशी असेल तर ओलं फडकं लावायचं नाही. सावलीत वाळवून मऊ कुंचल्यानं, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून झाडा. मागे नावं मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं दाब उमटतो. नावं सांगणारी मावशी किंवा काका अजून असतील तर सगळं बाजूला ठेवून आधी त्यांच्यासमोर बसा, कारण वस्तूंना उशीर झालेला चालतो. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरे ठिपके दिसले तर ती यंत्रात घालू नका. रीळ तुटतं आणि यंत्रही बिघडतं.

एकसारखे, हललेले, अनोळखी माणसांचे फोटो जाऊ द्या. पत्रं पाठवणाऱ्याप्रमाणे बांधा आणि चौघांत मोठ्यानं वाचू नका. आईनं जपलेली तिच्या मैत्रिणीची पत्रं त्या मैत्रिणीला किंवा तिच्या मुलांना परत करता येतात. हिशेबाच्या वह्या, रेसिपीची चिठ्ठी, कॅलेंडरवर दुधाच्या खुणा असं हस्ताक्षरातलं काही पहिल्या खेपेला टाकू नये. त्याला जागा फारशी लागत नाही.

आणि स्वतःसाठी काय ठेवायचं, तर माणशी एक मध्यम पिशवी, आणि तीत शक्यतो हातात येणाऱ्या वस्तू: पोळपाट, खवणी, मिसळणाचा डबा, अडकित्ता. माळ्यावर पडून राहणारा हंडा काही आठवून देत नाही. रोज लाटताना पोळपाट देतो. त्यातूनही ज्यावर तिघांचं एकमत होत नाही ते उरेल. त्यासाठी एकच पत्र्याची ट्रंक ठेवा, दुसरी नाही. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि कोरड्या हवेसाठी सिलिकाच्या पुड्या, खाली दोन-दोन चिरे, भिंतीपासून वीतभर अंतर, आणि पश्चिमेकडच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला लागून नाही. झाकणावर आतल्या वस्तूंची यादी आणि पुढच्या ऑक्टोबरची तारीख चिकटवा. ट्रंक पाहुण्यांच्या खोलीत नको, कोठीच्या खोलीला वेगळं कुलूप घाला आणि एक चावी बहिणीकडे द्या.